दाढ गेली, चावा बिघडला: आधी तारा की आधी इम्प्लांट?

प्रश्न: माझं वय ४३. खालच्या डाव्या बाजूची एक मोठी दाढ किडीमुळे बारा वर्षांपूर्वी काढावी लागली. मागची दाढ, कुणाला दिसत नाही, म्हणून तिथे काही बसवलं नाही. आता तिच्या मागची दाढ पुढे कलली आहे, वरची दाढ खाली उतरली आहे, आणि खालच्या पुढच्या दातांत फटी पडून मधली रेघ डावीकडे सरकली आहे. डावीकडे चावलं की गाल चावला जातो, म्हणून सगळं उजवीकडेच चावते. तोंड उघडताना कानापाशी ‘कट्’ असा आवाजही येतो. एका डॉक्टरांनी सरळ इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात रोवायचं कृत्रिम मूळ, बसवून घ्या म्हटलं. दुसरे म्हणाले, आधी दोन वर्षं तारा लावा. तिसरे म्हणाले, वरची दाढ घासून खाली ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला कृत्रिम दात, करू, थोड्या दिवसांत मोकळ्या व्हाल. घरचे म्हणतात, या वयात तारा कशाला, आहे तसं राहू दे. मी कुणाचं ऐकू?

ताई,

बाकी सगळं सावकाश ठरवता येईल, पण गालाचं आधी बघा. खाली उतरलेल्या दाढेचा कोपरा धारदार झाला असेल, तर तो कुठलाही डेंटिस्ट एका भेटीत गुळगुळीत करून देईल. त्यासाठी मोठा निर्णय होईपर्यंत थांबायचं कारण नाही. आणि गालाच्या आत एखादी जखम, पांढरा चट्टा किंवा गाठ असेल आणि ती दोन-तीन आठवड्यांत भरून आली नाही, तर ‘दात लागतो म्हणून होतंय’ असं स्वतःच ठरवू नका, दाखवून या. एकाच जागी पुन्हापुन्हा होणारी जखम तपासून घ्यायचीच असते.

आता मूळ प्रश्न. तिन्ही डॉक्टरांनी सांगितलेले उपाय खरे आहेत, पण ते वेगवेगळ्या तोंडांसाठी आहेत. तुम्ही केलेल्या वर्णनावरून माझा कल दुसऱ्या सल्ल्याकडे आहे. फक्त ‘दोन वर्षं तारा’ एवढ्या वाक्यावर होकार देऊ नका. कुठला दात कुठून कुठे न्यायचा आणि शेवटी त्या रिकाम्या जागेत काय बसणार, हे पहिली तार लागण्याआधी कागदावर आलं पाहिजे. दात गेलेल्या माणसाच्या ऑर्थोडॉन्टिक, म्हणजे तारांनी दात सरकवण्याच्या, उपचारात जे बिघडतं, ते बहुतेक वेळा इथेच बिघडतं: दात सरळ होतात, आणि मग कळतं की इम्प्लांटला जागा पुरत नाही, किंवा जागा आहे पण मुळं आडवी आली आहेत.

तुमची गेलेली दाढ बहुधा पहिली मोठी दाढ असावी. ती सहाव्या-सातव्या वर्षी येते, आणि तिच्या जागी आधी दुधाचा दात नसतो, ती दुधाच्या दाढांच्या मागे थेट उगवते. त्यामुळे कित्येक घरांत तिला दुधाचीच दाढ समजतात. किडली तरी ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणून दुर्लक्ष होतं, आणि मोठेपणी पाहावं तर काढलेल्या दाढांमध्ये हीच सारखी आढळते. पुन्हा चाव्याचा मेळ हिच्यावरच. एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्याने १८९९ साली चाव्याचे तीन वर्ग पाडले, तेही वरची आणि खालची पहिली दाढ एकमेकींवर कशा बसतात यावरून. आम्ही आजही त्याच भाषेत बोलतो. तुमच्या डाव्या बाजूला ती खूणच उरलेली नाही, म्हणून तिथला चावा सुळ्यांच्या बैठकीवरून वाचावा लागेल.

ही दाढ गेली की चारी बाजूंनी हालचाल होऊ शकते. मागची दाढ पुढे कलते. पुढच्या उपदाढा, म्हणजे सुळा आणि मोठी दाढ यांच्यामधल्या लहान दाढा, मागे सरकतात, त्यांच्यामध्ये फटी पडतात, आणि त्यांच्यामागोमाग पुढचे दातही त्या बाजूला ओढले जातात. तुमची मधली रेघ डावीकडे गेली ती यामुळेच असण्याची शक्यता मोठी आहे. वरच्या दाढेला खालून अडवणारं काही नसतं, म्हणून ती उतरत येते, आणि एकटी येत नाही: तिच्याबरोबर तिथलं हाड आणि हिरडीही खाली येते. हे सगळ्यांच्या बाबतीत घडत नाही, हेही सांगायला हवं. पुष्कळ लोकांच्या तोंडात अशी जागा वर्षानुवर्षं रिकामी असते आणि शेजारचे दात मिलिमीटरभरही हलत नाहीत. ‘एक दात गेला की सगळं तोंड कोसळतं’ अशी भीती कुणी घातली तर ती खरी मानू नका. पण तुमच्या तोंडात ते घडलेलं आहे, आणि आता प्रश्न नुसत्या एका दाताचा राहिलेला नाही.

म्हणून सरळ इम्प्लांट मला पटत नाही. कारणं दोन आहेत, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

पहिलं जागेचं. दाढेसाठीचं इम्प्लांट साधारण साडेचार ते पाच मिलिमीटर जाडीचं असतं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शेजारच्या मुळांपासून किमान दीड-दीड मिलिमीटर हाड राखावं लागतं. म्हणजे साडेसात-आठ मिलिमीटर जागा तर नुसती तळाशी हवी. तुमची मागची दाढ कललेली आहे, त्यामुळे वर अंतर कमी आणि खाली मुळांपाशी जास्त असं काहीतरी झालं असणार. अशा ठिकाणी इम्प्लांट बसेलही, पण त्यावरची कॅप कललेल्या दाढेखाली अडकेल, खाली अन्न साचण्याचा एक कोपरा कायमचा तयार होईल. शिवाय वरून उतरलेल्या दाढेने कॅपची उंचीच खाऊन टाकली आहे.

दुसरं कारण इम्प्लांटच्या स्वभावातलं. आपला दात हाडात घट्ट रोवलेला वाटतो, पण तो हाडाला चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि दात त्यात झोळीत ठेवल्यासारखा तोललेला असतो. तारेने हलका, सतत दाब दिला की पडद्याच्या दाबलेल्या बाजूचं हाड विरघळतं, ताणलेल्या बाजूला नवीन हाड तयार होतं, आणि दात सरकतो. सगळं जमून आलं तर महिन्याला साधारण एक मिलिमीटर. इम्प्लांटला हा पडदा नसतो. स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्यांदा रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची इम्प्लांटं बसवली ती हाड टायटॅनियमला थेट धरून ठेवतं म्हणूनच, आणि तीच त्याची ताकद आहे. पण हाडाने एकदा धरलेलं इम्प्लांट कुठल्याही तारेने हलत नाही. आज कललेल्या दाढेच्या शेजारी ते बसवलंत, तर उद्या चावा सुधारायचा ठरवल्यावर सगळे दात त्या एका न हलणाऱ्या खांबाभोवती जुळवून घ्यावे लागतील. चुकीच्या जागी बसलेलं इम्प्लांट काढणं म्हणजे पुन्हा हाड गमावणं.

याला एक चांगला अपवाद आहे. कधीकधी आम्ही मुद्दाम आधी इम्प्लांट बसवतो आणि त्याच न हलण्याचा उपयोग करून बाकीचे दात ओढतो. पण तेव्हा दात शेवटी कुठे उभे राहणार याची मांडणी करून, मिलिमीटर मोजून जागा ठरवलेली असते. तुम्हाला ज्यांनी सरळ इम्प्लांट सुचवलं त्यांना एवढंच विचारा: ‘माझी मागची दाढ कलली आहे आणि वरची उतरली आहे, त्याचं काय करणार?’ उत्तरात त्या दोन्ही दातांचा विचार असेल तर पुढे बोलणं करा.

घासून ब्रिज करण्याच्या सल्ल्याला मी वाईट म्हणणार नाही. तो लवकर संपतो, आणि ज्यांना तारा झेपणार नाहीत, ज्यांच्या शेजारच्या दातांना आधीच कॅप आहे किंवा मोठं फिलिंग आहे, त्यांच्यासाठी तो योग्यही ठरतो. पण किंमत कुठे मोजावी लागते ते बघा. वरची दाढ मिलिमीटरभर उतरली असेल तर थोडं इनॅमल घासून भागतं. त्याहून बरीच जास्त उतरली असेल तर घासता घासता दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचतात, मग रूट कॅनाल, मग कॅप. म्हणजे जिला कीड नाही, दुखणं नाही, अशी निरोगी दाढ कायमची बदलून टाकायची. खाली ब्रिजसाठी कललेली दाढ आणि पुढची उपदाढ दोन्ही कोरावी लागतील. कललेल्या दाढेवर ब्रिज चढावा म्हणून तिची एक बाजू जास्त कोरावी लागते, आणि चावण्याचा जोर तिच्या मुळांवर सरळ न येता तिरपा येत राहतो. ब्रिजही जन्मभर टिकत नाहीत. ४३व्या वर्षी केलेला ब्रिज पुढे कधीतरी बदलावा लागेल, आणि त्या वेळी आधीच कोरलेले दात अजून अशक्त झालेले असतील. शेजारचे दात धडधाकट असतील तर मी तरी हा मार्ग आधी घेणार नाही.

राहिल्या तारा. इथे तुम्हाला दोन निराळे उपचार एकाच नावाने सांगितले जाऊ शकतात, आणि दोन्हींचा कालावधी, त्रास आणि खर्च यांत फार फरक आहे.

एक मर्यादित उपचार. यात सगळा चावा बदलायचा नसतो. कललेली दाढ उभी करायची, उतरलेली वर ढकलायची, आणि कृत्रिम दातासाठी नीट जागा तयार करायची. दाढ उभी करायला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं. तिच्या मागे अक्कलदाढ अडून बसली असेल तर बहुधा ती आधी काढावी लागते, नाहीतर दाढ मागे जाणार कुठे? उभी होताना दाढ थोडी वरही उचलली जाते आणि समोरच्या दातावर लवकर आपटते, म्हणून मधूनमधून चावा तपासत राहावं लागतं. मूळ पहिल्या दाढेची सबंध अकरा मिलिमीटर जागा परत मिळवलीच पाहिजे असा हट्टही नको. उपदाढेएवढा जरी दात नीट बसला तरी चावायला पुरतो, आणि त्यासाठी दाढ कमी सरकवावी लागते. हा प्रश्न मुद्दाम विचारा, कारण दोन-तीन मिलिमीटर कमी सरकवायचं म्हणजे काही महिने वाचले.

वरची दाढ वर ढकलणं हे पूर्वी प्रौढांच्या बाबतीत फार अवघड होतं. एका दाताला वर ढकलायला आधार घ्यावा तो शेजारच्या दातांचा, आणि मग तेच खाली यायचे. आता त्यासाठी मिनी स्क्रू वापरतात. दीड-दोन मिलिमीटर जाडीचा छोटासा स्क्रू, जागा बधिर करून काही मिनिटांत हाडात बसवतात, दाढेला त्याच्या आधाराने वर ओढतात, आणि काम झालं की काढून टाकतात. काढताना बहुतेकांना बधिर करण्याचीही गरज पडत नाही. काही स्क्रू मध्येच सैल होतात, मग ते दुसऱ्या जागी बसवावे लागतात. तसं झालं तर घाबरू नका, हे अपेक्षित असतं. दोन-तीन मिलिमीटर वर न्यायला सहा महिन्यांच्या आसपास धरा. आणि त्यातून वाचते ती एक निरोगी दाढ, जिला ना घासावं लागलं ना रूट कॅनाल करावं लागलं. माझ्या दृष्टीने तुमच्या सगळ्या उपचारातला हा भाग सर्वांत मोलाचा आहे.

दुसरा पूर्ण उपचार. वरखाली सगळ्या दातांना तारा, फटी बंद करणं, मधली रेघ जुळवणं, दोन्ही बाजूंचा चावा बसवणं. याला प्रौढांमध्ये साधारण दीड ते अडीच वर्षं लागतात, दात गेलेला असेल तर जास्तही. तुम्हाला सांगितलेली दोन वर्षं बहुधा याचीच. हा उपचार तुम्हाला हवा आहे का, हे फक्त तुम्हीच ठरवू शकता. मधली रेघ दोन मिलिमीटर सरकलेली असली तरी त्याने चावण्यात काही अडत नाही. पुढच्या फटी तुम्हाला आरशात सलत असतील तर त्या बंद करून घेणं हे पुरेसं कारण आहे, त्यासाठी कुणाला स्पष्टीकरण द्यायची गरज नाही. पण सलत नसतील, आणि तुम्हाला फक्त डावीकडे चावता यायला हवं असेल, तर मर्यादित उपचाराबद्दल स्पष्ट विचारा. कुणी आपणहून सांगेलच असं नाही.

एक गोष्ट तपासणीतच कळेल. चावा दाढ गेल्यामुळे बिघडला आहे, की जबडेच मुळात लहानमोठे होते आणि दाढ गेल्यावर ते उघडं पडलं? खालचा जबडा पुढे असणं, वरचा अरुंद असणं, पुढचे दात एकमेकांना न टेकणं यामागे हाडांची ठेवण असू शकते. लहान मुलांत वाढीचा फायदा घेऊन जबडा थोडा वळवता येतो. आपल्या वयात वाढ संपलेली असते, म्हणून मग दोनच वाटा: दात अशा प्रकारे बसवायचे की हाडांतला फरक झाकला जाईल, किंवा फरक फार मोठा असेल तर तारांबरोबर जबड्याची शस्त्रक्रिया. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, तरी डोक्याचा बाजूने काढतात तो, जबड्यांची मापं घ्यायचा सेफॅलोमेट्रिक एक्स-रे काढल्यावर ते स्पष्ट होईल.

‘जागा तारांनीच बंद करून टाकली तर इम्प्लांटच नको’ असा विचार तुमच्या मनात आला असेल. बऱ्याच जणांच्या मनात येतो. दाढ नुकतीच काढली असेल, मागची अक्कलदाढ चांगली असेल, तर हा मार्ग गंभीरपणे विचारात घ्यावा. पण दात काढल्यावर तिथल्या हाडाची रुंदी पहिल्या वर्षातच जवळजवळ निम्मी होते, आणि त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांत होऊन जाते. तुमच्या त्या जागी बारा वर्षांनंतर हाडाची अरुंद कड उरली असेल. रुंद मुळांची दाढ त्या अरुंद कडेतून आठ-दहा मिलिमीटर पुढे आणणं हे अतिशय संथ काम आहे, त्यात हिरडी खाली सरकण्याचा आणि मुळं झिजण्याचा धोका आहे, आणि शेवटी जागा पुन्हा थोडी उघडण्याची प्रवृत्ती असते. तुमच्यासाठी मी ते सुचवणार नाही. पुढचा दात नसणाऱ्यांचं गणित निराळं असतं. विशेषतः ज्यांचा वरचा बाजूचा पटाशीचा दात जन्मतःच नसतो, त्यांच्यात सुळा पुढे आणून, घासून आणि आकार देऊन त्याच्या जागी बसवणं हा इम्प्लांटच्या तोडीचा उपाय आहे.

आता घरच्यांच्या शंकेकडे येते. वयाचं उत्तर सोपं आहे. पन्नाशी-साठीतही दात हलतात, हाड तसंच वागतं, फक्त सुरुवात जरा सावकाश होते. आडवं वय येत नाही, हिरड्या येतात. ब्रश करताना रक्त येतं का? कुठला दात हलतो का? हिरड्यांचा आजार चालू असताना दात सरकवले तर दात सरळ व्हायच्या आधी हाडच जातं. तोच आजार उपचार करून आटोक्यात आणला, कीटण साफ झालं, रक्त यायचं थांबलं आणि काही महिने तसंच राहिलं, तर थोडं हाड कमी झालेल्या तोंडातही तारा लावता येतात, फक्त दाब हलका ठेवावा लागतो. म्हणून पहिला टप्पा हिरड्यांचा, त्यात घाई नाही. कललेल्या दाढेच्या पुढच्या बाजूला हिरडीत खोल खिसा तयार झालेला असू शकतो, तिथे ब्रश पोचत नाही. त्या ठिकाणी छोटा इंटरडेंटल (दोन दातांमधल्या फटीत जाणारा) ब्रश आजपासूनच वापरायला लागा.

मधुमेह असेल तर साखर आधी ताब्यात हवी. तंबाखू किंवा सिगारेट असेल तर इम्प्लांट आणि हिरड्या दोन्हींवर परिणाम होतो, तो लपवू नका. आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून तुम्ही काही गोळ्या किंवा इंजेक्शनं घेत असाल, किंवा पूर्वी घेतली असतील, तर पहिल्याच भेटीत सांगा. त्यांतली काही औषधं दात सरकण्याचा वेग कमी करतात आणि जबड्यावरची जखम भरण्यात मोठी अडचण आणू शकतात. फॉर्मवर विचारलं नसलं तरी सांगा.

तारांचे तोटेही ऐकून घ्या. मुळांची टोकं थोडीफार झिजतात. बहुतेकांत ती झीज किरकोळ असते, मोजक्या लोकांत जास्त होते, म्हणून मध्येच एकदा एक्स-रे काढून बघतात. स्वच्छता कमी पडली तर ब्रॅकेटभोवती (तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याभोवती) पांढरे डाग आणि कीड येते. प्रौढांमध्ये दात सरळ झाल्यावर हिरडीलगत दोन दातांमध्ये छोटे काळे त्रिकोण दिसू शकतात. प्रत्येक वेळी तार बदलली की दोन-चार दिवस चावताना दुखतं. यातलं काहीही ऐकून मागे फिरावं असं नाही, पण सही करण्याआधी हे तुम्हाला कुणीतरी समोर बसून सांगायला हवं.

‘आहे तसं राहू दे’ हा पर्यायही मी फेटाळणार नाही. दात स्थिर असतील, ती जागा स्वच्छ ठेवता येत असेल, चावता येत असेल, तर काही न करता दर सहा महिन्यांनी तपासत राहणं हा पूर्ण सन्मान्य निर्णय आहे. तुमच्याकडे अडतं ते एवढंच की तुम्ही एका बाजूने चावणंच सोडलं आहे.

कानापाशी येणाऱ्या आवाजाबद्दल मात्र आशा लावू नका. तोंड उघडताना नुसता ‘कट्’ आवाज येतो, दुखत नाही, जबडा अडकत नाही, एवढंच असेल तर त्याला उपचाराची गरज नसते. पुष्कळ लोकांना तो येतो. तारा लावल्याने तो जाईल असं कुणी खात्रीने सांगितलं तर त्या एका वाक्यासाठी उपचार सुरू करू नका, कारण चावा सुधारल्याने जबड्याच्या सांध्याचा त्रास बरा होतोच असं दिसून आलेलं नाही. दुखत असेल, तोंड पूर्ण उघडत नसेल, जबडा अडकून बसत असेल, तर आधी त्या सांध्याची तपासणी करून घ्या, तारा नंतर.

पारदर्शक अलायनरबद्दल, म्हणजे दातांवर चढवायच्या, काढता-घालता येणाऱ्या प्लास्टिकच्या साच्यांबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी नक्की सुचवेल. ते दिवसातून वीस-बावीस तास घालावे लागतात. पुढच्या फटी बंद करायला ते उत्तम. कललेली दाढ मुळासकट उभी करण्यात ते तारेपेक्षा कमी पडतात, मिनी स्क्रूची जोड दिली तर बरंच जमतं. निवड उपकरणावरून करू नका, ते करणाऱ्याने असा दाढ उभी करण्याचा उपचार आधी केला आहे का यावरून करा.

इम्प्लांट बसवण्याची वेळ तारांच्या शेवटी येते. दाढ उभी झाली, जागा पुरेशी झाली, असं वाटलं की तारा काढण्याआधी एक्स-रे काढून मुळं समांतर आहेत का ते पाहायचं, आणि इम्प्लांट करणाऱ्याने ‘हो, एवढी जागा चालेल’ असं स्वतः पाहून सांगायचं. त्याआधी तारा काढू देऊ नका. एकदा काढल्यावर राहिलेलं एक मिलिमीटर मिळवायला पुन्हा सगळं लावावं लागतं. हाड फार अरुंद झालं असेल तर ते वाढवण्याची छोटी शस्त्रक्रिया लागू शकते, ते हाडाचं त्रिमितीय चित्र देणाऱ्या सीबीसीटी स्कॅनमध्ये कळतं. दाढ उभी होताना तिने पुढच्या बाजूला मोकळ्या केलेल्या जागेत काही ठिकाणी नवीन हाडही मिळतं, हा एक फायदा. इम्प्लांट हाडात धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, हाड भरलं असेल तर जास्त. तो वेळ तारांच्या शेवटच्या महिन्यांतच घालवला, तर एकूण उपचार लांबत नाही.

आणि रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागच्या जागी धरून ठेवणारं उपकरण. कललेली दाढ संधी मिळताच पुन्हा कलते, म्हणून तारा निघाल्यापासून पक्की कॅप बसेपर्यंत ती जागा एक दिवसही मोकळी ठेवायची नाही. त्या काळात रिटेनरमध्येच एक तात्पुरता दात बसवून घेता येतो. कॅप बसल्यावर नवा रिटेनर बनवून घ्यावा लागेल, कारण जुना आता बसणार नाही. हे बऱ्याचदा राहून जातं. पुढच्या दातांमागे बारीक तार कायमची चिकटवली तर फटी पुन्हा उघडण्याची भीती कमी होते. रात्रीचा रिटेनर मात्र किती वर्षं, असं विचाराल तर दात आहेत तोवर.

तीन डॉक्टरांकडून तीन तुकडे गोळा करण्यापेक्षा तारा लावणारे ऑर्थोडॉन्टिस्ट आणि कृत्रिम दात बसवणारे प्रोस्थोडॉन्टिस्ट या दोघांनी मिळून एक लेखी योजना द्यावी, असं आग्रहाने सांगा. त्यात टप्पे हवेत, प्रत्येक टप्प्याचा अंदाजे कालावधी आणि खर्च हवा, आणि मध्येच थांबावं लागलं तर तोवर काय साध्य झालेलं असेल हेही हवं. दातांचे साचे किंवा स्कॅन घेऊन, त्यांवर कललेली दाढ कॉम्प्युटरवर उभी करून दाखवता येते. त्या चित्रात इम्प्लांटला जागा पुरते का, हे तुम्ही स्वतः पाहू शकता.

जाताना जुना एक्स-रे शोधून घेऊन जा, दाढ काढली तेव्हाचा असेल तर फारच चांगलं, मधल्या वर्षांतला असला तरी चालेल. आजचा ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे, त्याच्या शेजारी ठेवला की दात अजून सरकतच आहेत की केव्हाचे थांबले आहेत, हे दिसतं. थांबलेले असतील तर हिरड्यांवर काम करत तुम्ही निर्णयाला आणखी सहा महिने घेतलेत तरी काही बिघडणार नाही. अजून सरकत असतील तर वरच्या दाढेला अडवण्यासाठी एक साधा रिटेनर आत्ताच बनवून घ्या, बाकी योजना तयार होईपर्यंत तो तिला आहे तिथे धरून ठेवेल.